जुन्या फ्लॉपीतला मजकूर बाहेर कसा काढायचा: वर्डस्टार, जिस्ट आणि फाँटच्या फाइल्स

उद्यमनगरातल्या फौंड्रीची कोटेशनं, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, वकिलांचे दावे, विद्यापीठात सादर केलेले प्रबंध, तालमीच्या वर्गणीदारांच्या याद्या. कोल्हापुरात १९८५ ते २००० या काळात कॉम्प्युटरवर टाइप झालेला असा कितीतरी मजकूर आजही कपाटाच्या तळाशी फ्लॉप्यांमध्ये पडून आहे. संस्थेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आलं की स्मरणिकेसाठी जुने अहवाल हवे असतात. मग फ्लॉपीचा डबा निघतो, कुणीतरी फाइलवर डबल क्लिक करतं, पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं येतात आणि ‘फाइल करप्ट झाली’ असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा फाइलला काहीही झालेलं नसतं. ती ज्या पद्धतीने लिहिली होती ती पद्धत आजच्या वर्डला कळत नाही, एवढंच. म्हणून या कामात घाई करायची नाही: रूपांतर करण्याआधी फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखायचं. ओळख बरोबर झाली की उरलेलं काम कंटाळवाणं असतं, पण अवघड नसतं.

आधी फ्लॉपी, मग फाइल

फ्लॉपी हातात आली की लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. उजेडात धरून बघा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून काळी-तपकिरी तबकडी दिसते. मधल्या गोल छिद्रात बोट घालून ती हळूहळू फिरवा आणि पूर्ण फेरीत पांढरट ठिपके आहेत का ते पाहा. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं झाकण सरकवून तेच करायचं. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात बंद कपाटात ती हमखास धरते. बुरशी धरलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरवली तर ठिपक्याखालचा लेप खरवडला जातो. वर ती घाण ड्राइव्हच्या हेडला चिकटून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के असेल तर उत्तम) आणि धागे न सुटणारं कापड लागतं. कापड ओलसर करून दाब न देता पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. खराब फ्लॉपी वाचून झाली की दर वेळी ड्राइव्हचं हेडही पुसून घ्या.

महापुरात सापडलेल्या फ्लॉप्यांची तऱ्हा निराळी. २०१९ आणि २०२१ साली शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत पाणी शिरलं तेव्हा दप्तरांबरोबर फ्लॉप्यांचे डबेही बुडाले. अशा फ्लॉपीत बारीक गाळ बसलेला असतो आणि तो पुसला तर सँडपेपरचं काम करतो. सव्वापाच इंची असेल तर कव्हरची एक कड कात्रीने हलकेच कापायची, तबकडी मधल्या छिद्राजवळ धरून बाहेर काढायची, डिस्टिल्ड पाण्यात नुसती हलवून गाळ सोडवायचा, टिपकागदावर पाणी टिपायचं आणि सावलीत वाळवायची. ऊन नको, हेअर ड्रायर नको. मग एका निकामी पण स्वच्छ फ्लॉपीचं कव्हर उघडून ही तबकडी त्यात घालायची. त्या कव्हरात ती एकदा वाचून निघाली की आपलं काम झालं.

आता लेखनबंदी. सव्वापाच इंचीच्या कडेला चौकोनी खाच असते, तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. साडेतीन इंचीत उलटं: कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं केलं की फ्लॉपी सुरक्षित. हे विसरू नका. आजचं विंडोज फ्लॉपी वाचायला घेतल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारायला मागेपुढे पाहत नाही.

साडेतीन इंचीसाठी यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह ऑनलाइन सहज मिळतात. १.४४ एमबीची फ्लॉपी त्यात चालते; ७२० केबीची प्रत्येक ड्राइव्हमध्ये चालेलच असं नाही. सव्वापाच इंचीसाठी मात्र असा आयता यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. त्यासाठी फ्लॉपी केबलची जागा असलेला जुना पीसी शोधावा लागतो. शहरातल्या जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी करा, एखाद्याच्या माळ्यावर निघतो. नाहीतर ग्रीझविझलसारखं छोटं सर्किट घेऊन जुना ड्राइव्ह त्यामार्फत यूएसबीला जोडायचा. हे सर्किट तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्यामुळे साध्या पीसीने नाकारलेली फ्लॉपीही कधीकधी वाचली जाते. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण तिच्यावर त्या ड्राइव्हने काही लिहू नका. त्याचं हेड अरुंद असतं आणि जुन्या रुंद पट्ट्यावर अर्धवट लिहून ठेवतं.

फ्लॉपी वाचताना फाइल्स एकेक कॉपी करत बसू नका. आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा. विंडोजवर विनइमेज, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. डीडीरेस्क्यू अडलेला भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग उचलतो आणि मग अडलेल्याकडे पुन्हा वळतो. इमेज मधेच तुटली नाही ना, हे आकारावरून कळतं: ३६० केबीची ३,६८,६४० बाइट, ७२० केबीची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि १.४४ एमबीची १४,७४,५६०. ती सेव्हन-झिपमध्ये उघडली की आतल्या फाइल्स दिसतात. यापुढे फ्लॉपीला हात लावायचा नाही, सगळं काम इमेजच्या प्रतीवर.

यादी वाचणं

नावं आठ अक्षरांची, पुढे टिंब आणि तीन अक्षरं. वर्डस्टारला (त्या काळच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमला) ती शेवटची तीन अक्षरंही लागायची नाहीत, त्यामुळे कुणी पत्राला ‘एलईटी’ लावलं, कुणी ‘डीओसी’. या ‘डीओसी’ने फार घोळ घातला आहे. आजचा कॉम्प्युटर ती मायक्रोसॉफ्ट वर्डची समजून उघडतो आणि कचरा दाखवतो.

‘बीएके’ असलेल्या फाइल्स फेकू नका. वर्डस्टार फाइल सेव्ह करताना आधीची आवृत्ती या नावाने बाजूला ठेवायचा. मूळ फाइल जिथे खराब झाली असेल तिथे नव्वद टक्के मजकूर ‘बीएके’मध्ये शाबूत सापडू शकतो. पुसलेल्या फाइल्सचीही आशा सोडू नका. डॉस (विंडोजच्या आधीची कार्यप्रणाली) फाइल पुसताना मजकूर पुसत नाही, यादीतलं नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे २२९ हा कोड टाकतो. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर फाइल परत मिळते.

तारखांवर मात्र विसंबू नका. घड्याळ नसलेला किंवा त्याची बॅटरी मेलेला पीसी सुरू होताना तारीख विचारायचा, टायपिस्ट नुसतं एंटर दाबायचा आणि फाइलवर १ जानेवारी १९८० ची तारीख पडायची. अहवालाचं साल आतल्या मजकुरावरूनच ठरवा.

जात ओळखणं

एचएक्सडीसारखा एखादा फुकट हेक्स एडिटर उतरवून घ्या. तो फाइलमधला प्रत्येक बाइट आकड्यात दाखवतो. खाली सगळे आकडे नेहमीच्या दशमानात देतो आहे. एडिटरमध्ये तशी सोय असते.

फाइलची सुरुवात २५५, ८७, ८०, ६७ अशी असेल तर ती वर्डपरफेक्टची. आपल्याकडे या फाइल्स कमी सापडतात. १९८९ साली आलेली ५.१ ही आवृत्ती जगभर गाजली होती. लिब्रेऑफिसमध्ये फाइल थेट उघडा आणि नव्या स्वरूपात सेव्ह करा, काम संपलं.

सुरुवात २९, १२५, ० अशी असेल तर वर्डस्टार ५ किंवा त्यानंतरचा. पहिले १२८ बाइट शीर्षपट्टीचे असतात.

यातलं काहीच नसेल तर १२८ च्या वरचे आकडे कुठे पडलेत ते बघा. खरी खूण तिथे आहे. इंग्रजी मजकुरात मोठे आकडे एकेकटे, बहुतेक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर आणि २२५ ते २५० च्या दरम्यान असतील, तर तो जुना वर्डस्टार. मोठे आकडे रांगेने येत असतील, मधे ३२ म्हणजे मोकळी जागा आणि पुन्हा रांग, तर ती देवनागरी. ती इस्की या भारतीय संकेतप्रणालीतली की फाँटमधली, हे पुढे येतंच.

वर्डस्टारची फाइल

वर्डस्टार मायक्रोप्रो कंपनीने १९७८ साली, डॉसच्या आधीच्या सीपी/एम यंत्रांसाठी आणला. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला आणि १९८२ मध्ये वर्डस्टार डॉसवर उतरला. बाणांच्या कळा नसलेल्या कीबोर्डवर कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स दाबून कर्सर फिरवायची सवय लागलेले टायपिस्ट आजही भेटतात. त्यांची बोटं कंट्रोल-के-डी दाबून फाइल सेव्ह करायला अजून शिवशिवतात.

आस्कीची, म्हणजे इंग्रजी अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीची, अक्षरं १२७ पर्यंतच जातात, म्हणजे बाइटमधला आठवा बिट मोकळा राहतो. वर्डस्टारने तो स्वतःच्या खुणांसाठी वापरला. दोन्ही कडा सारख्या करताना शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवले. इंग्रजी पत्रात ‘लेटर’ या शब्दाचा शेवटचा ‘आर’ ११४ चा. वर्डस्टारने त्याचा २४२ केला. आजच्या नोटपॅडमध्ये तो रेघ डोक्यावर घेतलेल्या ‘ओ’सारखा दिसतो. पत्रभर प्रत्येक शब्दाचं शेपूट असं वाकडं झालं की माणसं फाइल मेली म्हणतात.

उपाय सोपा वाटतो: १२८ च्या वरच्या प्रत्येक आकड्यातून १२८ वजा करा. करायचं तेच आहे, पण सर्वांत शेवटी. कारण टायपिस्टने एंटर दाबून पाडलेली ओळ १३, १० अशी असते, आणि वर्डस्टारने जागा संपली म्हणून स्वतः मोडलेली ओळ १४१, १०. आधीच १२८ वजा केले तर १४१ चा १३ होतो, दोन्ही ओळी सारख्या होतात आणि परिच्छेद कुठे संपतो हे कायमचं हरवतं. म्हणून क्रम असा ठेवा.

१. पहिल्या १२८ बाइटची शीर्षपट्टी असेल तर ती काढा. मजकुराच्या शेवटी २६ हा आकडा दिसतो, कधीकधी अनेकदा ओळीने; पहिल्या २६ पासून पुढचं सगळं कापा.
२. ३१, १४१, १० असा क्रम सापडला तर तो शब्द ओळीच्या शेवटी तोडलेला आहे. तिन्ही बाइट काढून शब्द जोडा.
३. उरलेल्या प्रत्येक १४१, १० च्या जागी एक मोकळी जागा टाका. ३० हा न वापरलेला तोड-बिंदू; काढून टाका.
४. १६० ही कडा जुळवायला भरलेली जादा जागा, ती सरळ काढा. ३२ च्या जागांना हात लावू नका, टायपिस्टने तक्ते त्यांच्यावरच उभे केलेले असतात.
५. आता १२८ वजा करा.

ठळक अक्षरांसाठी मजकुराच्या दोन्ही बाजूंना २ असतो, अधोरेखनाला १९, वर चढवलेल्या अक्षरांना २०, खाली उतरवलेल्यांना २२. प्रबंधात तळटीपांचे आकडे आणि रासायनिक सूत्रं यांत असतात, म्हणून त्या जागी आपल्या काहीतरी खुणा ठेवून मगच कोड काढा. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी या छपाईच्या आज्ञा: ‘टिंब पीए’ म्हणजे नवं पान, ‘टिंब एचई’ शिरोलेख, ‘टिंब एफओ’ तळलेख. शिरोलेखात बऱ्याचदा अहवालाचं साल असतं, म्हणून त्या ओळी पुसण्याआधी वाचा.

हे सगळं पायथनच्या पंचवीसेक ओळींत बसतं. घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला वरची यादी दिली की तासाभरात होऊन जाईल. कोड लिहिणारं कुणी नसेल तर डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खुद्द वर्डस्टार चालवायचा. कॅनेडियन लेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा पूर्ण संच, त्याच्या पुस्तिकांसह, इंटरनेटवर ठेवला. त्यात फाइल उघडली की पान जसं छापलं जायचं तसं दिसतं, आणि छपाईसाठी प्रिंटर म्हणून आस्की निवडला तर कागदाऐवजी साधी मजकूर-फाइल मिळते.

एक गोष्ट आवर्जून शोधा: मेलमर्जची (एकच पत्र अनेकांच्या नावे छापण्याच्या सोयीची) डेटा फाइल. पत्राच्या फाइलमध्ये ‘टिंब डीएफ’ या आज्ञेपुढे तिचं नाव असतं. सभासदांची नावं, पत्ते, रकमा, सगळं स्वल्पविरामांनी वेगळं केलेलं. ही फाइल बहुधा साध्या मजकुरात असते आणि थेट एक्सेलमध्ये उघडते. संस्थेच्या दृष्टीने अनेकदा तीच सगळ्यात मोलाची निघते, आणि पत्रांच्या गर्दीत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इस्कीतली मराठी

पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राचं मूळ काम आयआयटी कानपूरमधलं. सी-डॅकने ते पुढे नेलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. त्यामागची संकेतप्रणाली इस्की, जिचं भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं.

इस्कीत ‘कोल्हापूर’ असं लिहिलेलं असतं: १७९, २२९, २०९, २३२, २१६, २१८, २००, २२२, २०७. म्हणजे क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र. उच्चाराच्या क्रमाने एकेक चिन्ह, जोडाक्षराचा वेगळा कोड नाही. युनिकोडची (आजच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या संकेतप्रणालीची) देवनागरी याच आराखड्यावर उभी आहे, त्यामुळे हे रूपांतर सगळ्यात खात्रीचं. हीच फाइल कार्डाशिवाय डॉसमध्ये उघडली तर १७९ च्या जागी उभी रेघ, २१८ आणि २०० च्या जागी चौकटीचे कोपरे दिसतात. पडदाभर रेघा-चौकटी दिसल्या की समजा, मराठी जिवंत आहे.

इथे वर्डस्टारचा उपाय चुकूनही करायचा नाही. १२८ वजा केले तर ‘क’चा ५१ होतो, म्हणजे आकडा ३, आणि ‘र’चा ७९, म्हणजे रोमन ‘ओ’. अशी फाइल सेव्ह झाली तर तिच्यातले खरे आकडे आणि पूर्वीची मराठी अक्षरं यांत फरकच उरत नाही.

विंडोजमध्ये इस्की देवनागरीसाठी कोडपेज (आकडे आणि अक्षरं यांचा तक्ता) ५७००२ आहे. विंडोजमधल्याच पॉवरशेलमधून फाइल त्या कोडपेजने वाचायची आणि यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात लिहायची. लिनक्सवर आयसीयूचा यूकॉन्व्ह हा प्रोग्रॅम हेच करतो. अधूनमधून २३९, ६६ अशी जोडी दिसेल. ‘इथून देवनागरी’ अशी ती सूचना असते. मात्र मोठे आकडे भरपूर असूनही १७६ ते २२३ हा पट्टा जवळपास रिकामा असेल तर ती पीसी-इस्की. डॉसच्या रेघा-चौकटी वापरता याव्यात म्हणून त्यात देवनागरी दोन तुकड्यांत बसवलेली असते. तिला कोडपेज ५७००२ लागू पडत नाही, वेगळा तक्ता लागतो.

फाँटमधली मराठी

खरा वैताग इथे आहे. विंडोज आल्यावर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांचं राज्य सुरू झालं, आणि पत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्रॅम) आणि वर्डमध्ये या फाँटांत जुळू लागलं. या फाइलमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचे तुकडे असतात: अर्धा म, काना, रफार, वेलांटी. प्रत्येक कंपनीचा तुकड्यांचा क्रम वेगळा. शिवाय ते डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेले: ‘कि’मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर, ‘धर्म’मधला रफार म नंतर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला आधी तुकडे ओळखून मग त्यांची जागा बदलावी लागते.

म्हणून आधी फाँटचं नेमकं नाव मिळवा. वर्डची फाइल उघडून मजकूर निवडला की फाँटच्या चौकटीत ते दिसतं, फाँट कॉम्प्युटरवर नसला तरी. मग त्याच कुटुंबासाठी बनवलेलं कन्व्हर्टर वापरा. ‘सर्व फाँट चालतात’ म्हणणाऱ्या कन्व्हर्टरवर माझा विश्वास नाही. पेजमेकरच्या फाइल्स लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघता येतात. मजकूर हाती लागतो, पानाची मांडणी मात्र बरीच विस्कटते.

कन्व्हर्टर सापडलंच नाही, पण मूळ फाँट हाताशी असेल, तर फाँट बसवा, पानं पीडीएफमध्ये छापा आणि त्यांच्या चित्रांवर टेसरॅक्टचं मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) चालवा. कागदी स्कॅनपेक्षा ही चित्रं स्वच्छ असतात, त्यामुळे निकाल बरा येतो. आणि मजकूर दहा-बारा पानांचाच असेल तर सरळ टाइप करून घ्या. कन्व्हर्टरशी झटापट करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

तपासणी

रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. सगळ्यात आधी आकडे: नफा, भागभांडवल, गाळप. कन्व्हर्टर ज्या खुणेला चुकतं तिथे आकडा बदलू शकतो, आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. मग रफार, ‘ळ’, ‘श्र’, ‘ज्ञ’ आणि आपला ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सगळीकडे एकच प्रकार करून घ्या, नाहीतर ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यावर अर्धेच अहवाल हाती येतील.

शेवटी प्रत्येक फ्लॉपीचा एक फोल्डर करा. त्यात फ्लॉपीची इमेज, जशाच्या तशा काढलेल्या फाइल्स, यूटीएफ-८ मधला मजकूर, मूळ रूप दाखवणारी पीडीएफ, फ्लॉपीच्या लेबलचा फोटो, आणि एक छोटी टीप: जात कोणती निघाली, कोणत्या साधनाने रूपांतर केलं, कुठली पानं वाचता आली नाहीत. सभासदांचे पत्ते असलेल्या फाइल्स वेगळ्या काढून फक्त संस्थेच्या हातात द्या, पेनड्राइव्हवरून गावभर जाऊ देऊ नका. आणि ऑफिसातल्या माणसाने मजकूर उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय फ्लॉप्यांचा डबा भंगारात घालू नका.